उंदीरखाऊ परीक्षक

बुपेला वाटाड्याचा बिल्ला हवा होता, बाकी आयुष्यात तिला काही म्हणजे काही नको होतं. लुकोम्बेच्या दलदलीकाठी चार तंबूंचा तो कॅम्प, तिथे नऊ वर्षं तिने मक्याच्या पिठाची न्शिमा घोटली. हात पातेल्यात आणि कान रानात. कुठला पक्षी कशाला ओरडला, हरणं कुठल्या वाऱ्याला उठली, बाईला सगळं तोंडपाठ.

तसं लुकोम्बेला येतंय कोण? मोठ्या अभयारण्यात एका सिंहाभोवती वीस गाड्या बघून ज्यांचं डोकं उठतं, ते. आठवड्याला दोन, फार तर तीन. इथे सिंह नाही, गाडीही नाही. चपलेएवढ्या चोचीचा तो करकोचा तासन् तास एका पायावर उभा राहतो, पाहुणे त्याच्याकडे बघत बसतात आणि जाताना डोळे पुसतात. पण त्यांना पायी हिंडवायला वाटाड्या लागतो, आणि आधीचा गडी मोठ्या अभयारण्याने पळवलेला. गुरुवारी पाहुणे यायचे होते आणि आज सोमवार होता. बुपे पास झाली तर बिल्ला तिचा, नाहीतर बाहेरून कुणीतरी येणार आणि बुपे पुन्हा पातेल्यापाशी.

परीक्षा घ्यायला आले मासेको साहेब. इस्त्रीची पँट, चकाचक बूट, चेहरा असा की हसले तर दंड बसेल. आणि आडनाव मासेको, म्हणजे अस्सल न्गोनी. इथेच तर सगळी पंचाईत झाली.

बुपे बेम्बा जमातीची. बेम्बा आणि न्गोनी या दोन जमातींच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि तेव्हापासून दोघांचं थट्टेचं नातं. न्गोनी दिसला की बेम्बाने त्याला उंदीरखाऊ म्हणायचं, त्याने बेम्बाला माकडखाऊ म्हणायचं, आणि जो चिडेल तो हरला. मयताच्या घरीसुद्धा सुटका नाही, तिथे तर जास्तच. त्यामुळे साहेब गाडीतून उतरल्या क्षणापासून बुपेची जीभ नुसती वळवळत होती. पण बंदूकवाल्या बा मुसोन्कोने तिला आधीच दम दिला होता. वीस वर्षं पाहुण्यांच्या मागे बंदूक घेऊन चाललेला माणूस तो, म्हणून नावाआधी मानाचं ‘बा’. म्हणाला, पोरी, आजच्या दिवस जीभ पदरात बांधून ठेव, पास झालीस की महिनाभर सोड.

साहेबांनी जाहीर केलं की आता मी परदेशचा पाहुणा, मला फिरवून आण. आणि काय पाहुणा झाले हो! शीळ घालत चालले. सिंह का नाही म्हणून विचारलं. इतकी शांतता कशाला, रेडिओ लावा म्हणाले. बुपे आपली हो साहेब, माफ करा साहेब. भीतीने तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. दलदलीतल्या दोन जातींच्या हरणांच्या खुरांच्या ठशांत तिने गल्लत केली, जी गल्लत तिच्या आंधळ्या आजीनेही केली नसती. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मागून बा मुसोन्कोने इतका मोठा उसासा टाकला की समोरचा बगळा उडाला.

बिल्ला गेला, बुपेच्या मनाने घेतलं.

तेवढ्यात लव्हाळ्यातून चिर्रर्र आवाज झाला. गोचिडी टिपणारी पाखरं. ती कुणाच्या तरी पाठीवर बसल्याशिवाय अशी ओरडत नाहीत. बुपेने हात वर केला, वारा गालावर घेतला, तो समोरूनच होता. "साहेब, थांबा," ती पुटपुटली. साहेब चालतच होते. "साहेब, कृपा करून." साहेब कॅमेरा काढत आणखी पुढे. लव्हाळं हललं आणि वीस पावलांवर शिंग दिसलं. एकटा, म्हातारा, चिखलाने माखलेला रानरेडा. बा मुसोन्कोने बंदूक खांद्याला लावली.

आणि पदराची गाठ सुटली.

"अरे ए उंदीरखाऊ, बस खाली," बुपे दातओठ खात म्हणाली. "रेडा आहे तो, ताटातला उंदीर नव्हे. तुझ्या पणजोबाला आमच्यांनी पळवलं, तो तुझ्यापेक्षा शहाणा होता. निदान पळाला तरी."

एवढं बोलून तिने साहेबांची कॉलर धरली आणि इस्त्रीसकट त्यांना चिखलात आदळलं. रेड्याने फुरफुर केली, नाक वर करून हुंगलं, काही मिळालं नाही तसा वळला आणि पाणी उडवत निघून गेला.

मग बुपेला हसू सुटलं. भीतीचं हसू ते, त्याला का कुठे लगाम असतो? हसता हसता तिने साहेबांच्या सात पिढ्या काढल्या, मिशीही काढली, मिशीत उंदराची शेपटी अडकली आहे का तेही बघितलं. चिडायची तर सोयच नव्हती, नातंच तसं. बा मुसोन्को बंदुकीवर रेलून पोट धरून हसत होता.

साहेबांनी मात्र डोळ्यांवरचा चिखल पुसला आणि विचारलं, "तुझं कूळ कुठलं?"

"अळंब्यांचं," बुपे हसतच म्हणाली.

"माझ्या आईचंही तेच. बाप न्गोनी. आई बेम्बा, अळंब्यांची."

बुपेचं हसू जागच्या जागी विरलं. बेम्बांची कुळं अशीच रानातल्या गोष्टींच्या नावांची, आणि ती आईकडून येतात. म्हणजे हा माणूस थट्टेचा भाऊ नव्हेच. एकाच कुळातला वडीलधारा, म्हणजे हा तिचा मामा, ज्याला पाणीसुद्धा गुडघे टेकून द्यायचं. आणि तिने त्याला चिखलात लोळवून त्याच्या मिशीत शेपटी शोधली होती. बा मुसोन्को उगाचच बंदुकीचा चाप तपासू लागला.

बुपे चिखलातच गुडघ्यांवर बसली, मोठ्यांपुढच्या रीतीप्रमाणे हलक्या टाळ्या वाजवत माफी मागू लागली. साहेबांनी तिला हाताने थांबवलं. म्हणाले, आधी परीक्षेचं बघू.

"यंदा पाच जणांना नापास केलं. मी मुद्दाम पुढे जातो आणि सगळे कृपा करून, कृपा करून करत राहतात." मग त्यांनी आवाज उतरवला. "आज मुद्दाम नव्हतो गेलो. तो रेडा मला दिसलाच नव्हता, पोरी."

साहेबांनी चिखलाच्या हाताने खिशातून बिल्ला काढला आणि बुपेच्या खांद्याला लावला. न्गोनी कूळ बापाकडून मोजतात, ते म्हणाले, तेव्हा परीक्षेपुरता मी बापाचा मुलगा, शिव्या माफ. मग वारुळावर टेकून त्यांनी पाय लांब केले. "परीक्षा संपली. आता मी आईचा मुलगा. भाचे, मामाचे बूट बघ काय झालेत."

बुपेने पाणी आणलं, मान खाली घालून, गुडघे टेकून, अगदी रीतसर. एक बूट तिने घासून लखलखीत केला, पदराने पुसला आणि दोन्ही हातांनी मामापुढे ठेवला. दुसऱ्याला हातही लावला नाही.

"हा मामाचा," ती अदबीने म्हणाली. "तो त्या उंदीरखाऊचा. त्याचा त्याने धुवावा."