जाड पुस्तकाला दोन सफरचंदं

कॉन्स्टन्स व्हिटकमला मी अर्धं आयुष्य ओळखते आणि त्यातला बराचसा काळ तिच्यावर चिडण्यात गेला. पण या ऑक्टोबरात ती वागली तशी कधी वागली नव्हती. आणि गंमत म्हणजे तिनं जे केलं ते प्रेमापोटी केलं. त्याचाच मला जास्त संताप येतो.

आमच्या गावचं वाचनालय म्हणजे दोन खोल्या, एक लाकडं जाळायची शेगडी आणि कॉन्स्टन्स. आमच्या मेन राज्यातली झाडं लाल व्हायला लागली की आम्ही सात बायका एक जुनी भयकादंबरी निवडतो. कड्यावरचं ओसाड घर, भिंतीआड कुणीतरी रडतंय, मालक काही सांगत नाही, अशी. ती एकटीनं घरी वाचायची नाही. दर गुरुवारी एकीच्या घरी जमायचं, पुस्तक हातोहात फिरवायचं, जिची पाळी तिनं एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी विणकाम करत ऐकायचं. निवडीची रीत अशी की टेबलावर पुस्तकं मांडायची आणि आपल्या परसातलं एक सफरचंद आपल्या पसंतीच्या पुस्तकापुढं ठेवायचं. जिंकलेल्या पुस्तकाच्या सफरचंदांचा ॲपल पाय भट्टीत भाजायचा. मतदान गुप्त म्हणायचं, पण कुणाच्या झाडाला कसलं फळ लागतं हे आम्हाला डोळे मिटूनही कळतं.

डोळे मिटूनच कळायची वेळ आयडेलावर आली होती. आयडेला रोक, माझी शेजारीण, ऐंशीच्या पुढची. तिला समोरच्या वस्तूचा मधला भाग दिसेनासा झाला होता. माणूस दिसायचा तो कडेकडेनं, चेहरा सोडून. अक्षर तर एकही नाही. डॉक्टरकडे मीच तिला गाडीतून नेत होते, म्हणून मला माहीत. बाकी कुणाला नाही.

"लोर्ना, तू तोंड शिवून बसायचंस," तिनं मला बजावलं होतं. "कॉन्स्टन्सला कळलं की संध्याकाळपर्यंत ॲरिझोनात वेनला कळणार. आणि वेन मला उचलून त्याच्या त्या वाळवंटात नेऊन टाकणार. घर विकणार. मला इथं मरायचंय."

वेन म्हणजे तिचा मुलगा. चांगला आहे. चांगल्या माणसांनीच आयडेलाचा छळ मांडला होता.

तर तिनं युक्ती काढली. 'हॅल्डन हाउसची विधवा' ही सहाशे पानांची कादंबरी ती सतराव्या वर्षापासून दर हिवाळ्यात वाचत आली होती. तिची कितीतरी प्रकरणं तिला तोंडपाठ होती. ते पुस्तक निवडलं गेलं की तिची पाळी आल्यावर ती पुस्तक मांडीवर घेणार, पानं उलटणार आणि धडाधड म्हणून दाखवणार. बर्फ पडेपर्यंत कुणाला संशय येणार नाही. मी म्हटलं, वेडी आहेस. ती म्हणाली, "वेडी आहे, पण आंधळी आहे हे कुणाला कळायला नको."

मतदानाच्या दिवशी मी वाचनालयात जरा लवकर पोचले. कॉन्स्टन्स बाकीच्या चौघींना कोपऱ्यात घेऊन कुजबुजत होती. मला बघून तिनं मलाही ओढलं.

"हे बघ, आयडेला पुन्हा तो ठोकळा आणणार. अक्षर केवढं बारीक, बघितलंयस? परवा तिनं दुकानात डब्यावरचं नाव माझ्याकडून वाचून घेतलं. बिचारीचे डोळे थकतात गं. तिच्यासाठी म्हणून आपण सगळ्या माझं पुस्तक घेऊ. शंभर पानांचं आहे, मोठ्या टायपात. तिला काही सांगू नका, वाईट वाटेल."

"तिलाच विचार ना तिला काय हवंय," मी म्हटलं.

"तिला विचारलं तर ती खोटंच सांगेल."

आणि ते खरं होतं. डोक्यात तिडीक गेली ती तिथंच.

आयडेला आली, ठोकळा टेबलावर ठेवला, त्यापुढं आपलं खरबरीत सालीचं सफरचंद ठेवलं. मी त्याशेजारी माझं ठेवलं, जरा आपटूनच. बाकीची पाच कॉन्स्टन्सच्या पुस्तकापुढं गेली. आयडेलानं टेबलावरून हात फिरवला, एकेक फळ चाचपलं, आणि तिचा हात शेवटच्या फळावर तसाच राहिला. कुणी तिच्याकडे बघेना. सगळ्यांचे चेहरे चर्चमधून आल्यासारखे प्रसन्न.

"आता तूच सुरुवात कर, बाळा," कॉन्स्टन्स म्हणाली आणि तिनं ते मोठ्या अक्षरांचं पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं. "पहिला परिच्छेद. बघ कसं सोपं जाईल."

आयडेलानं पुस्तक धरलं. मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. शेगडीत लाकूड तडकलं. कॉन्स्टन्स मान हलवून तिला धीर देत होती, शिशुवर्गातल्या पोराला देतात तसा. माझा ताबा सुटला.

"तिला दिसत नाही," मी ओरडले. "मोठं नाही, बारीक नाही, काहीच दिसत नाही. ते जाड पुस्तक तिला पाठ आहे, म्हणून हवं होतं. तुमची दया घाला चुलीत."

नंतर काय विचारता. रडारड, मिठ्या, कोपऱ्यातल्या कुजबुजीची कबुली. कॉन्स्टन्स स्वतःचं सफरचंद उचलून जाड पुस्तकापुढं ठेवायला लागली, तिच्यामागून बाकीच्याही. आयडेलानं हात आडवा घातला.

"मत दिलंत ते दिलंत. नियम आहे," ती म्हणाली. तिनं आपलं एकटीचं फळ उचललं, कोटाच्या खिशात घातलं आणि पुस्तक बगलेत मारलं.

मी तिला गाडीतून घरी आणलं. तिच्या दारात मी म्हटलं, "मला बघवेना गं."

"मी चष्मा विसरले असं म्हणणार होते," ती म्हणाली. "तोंड उघडलंच होतं. तुझ्यापेक्षा कॉन्स्टन्स बरी. तिनं निदान कुजबुजून केलं." दार बंद झालं.

संध्याकाळी वेनचा फोन आला. कॉन्स्टन्सनं काळजीपोटी कळवलंच होतं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो येणार होता, घराला गिऱ्हाईक बघायला.

गुरुवारी बाकीच्या शंभर पानं ऐकायला कॉन्स्टन्सकडे जमल्या. मी चार वाजता आयडेलाचं दार वाजवलं. उघडलं नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे ती होती. मला कॉन्स्टन्सचा राग, वेनचा राग, तिचा राग, आणि स्वतःचा तर सांगायलाच नको. शहरातल्या वाचनालयातून मी ती 'विधवा' मागवून आणली होती. पायरीवर बसले आणि बंद दाराकडे तोंड करून पहिलं प्रकरण वाचायला लागले, भांडल्यासारखं, खड्या आवाजात. रस्त्यावरून कुत्रा फिरवणारा थांबून बघायला लागला. बघू दे म्हटलं.

हात गारठले तशी मी घाई केली. हॅल्डन हाउसच्या फाटकापाशी पाऊस लागतो त्याचं लांबलचक वर्णन आहे, ते सोडून मी पुढं गेले.

"पाऊस गाळलास," आतून आवाज आला.

मी मागं गेले. पाऊस वाचला, शेवटच्या थेंबापर्यंत. प्रकरण संपलं. मग दारापलीकडून, अगदी फळीला तोंड लावल्यासारखं, ती म्हणाली, "दुसरं माझं."

आणि तिनं म्हणायला सुरुवात केली. दार तिनं उघडलं नाही. मी पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द तपासत गेले. मी इतकी रागात होते की चूक सापडली असती तर सोडली नसती. प्रकरण संपेपर्यंत एकही सापडली नाही.