शकीलाची वाटी

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, ही सिंधूताईला सासूनं घालून दिलेली रीत. शेजारच्या शकीलाच्या घरीही तेच. त्यामुळं धामणगाव बढ्यातल्या त्या दोन घरांच्या मधल्या भिंतीवरून एक स्टीलची वाटी सदा ये-जा करायची. इकडून झुणका गेला की तिकडून डालचा आलाच म्हणून समजा.

मग पुण्याच्या लेकानं, प्रेमानंदनं, पावडरचा डबा पाठवला. सिंधूताईचे गुडघे बोलत होते, डॉक्टरनं वजन उतरवा म्हटलं होतं. "सकाळी उकडलेले मूग, संध्याकाळी ही पावडर. भूकच लागत नाही आई, डाएट मोडायचा सवालच नाही!"

खरंच लागेना. सकाळच्या मुगापुरती सोडली तर चूल थंडच पडली. एकटीचं घर, ढवळायचं अन् प्यायचं, झालं जेवण! पण ईदच्या शिरखुर्म्याची वाटी फळीवर तशीच राहिली. तिच्यात घालायचं काय? उकडलेले मूग? ते तर आजाऱ्याचं खाणं! आज देऊ, उद्या देऊ करता करता सिंधूताईला भिंतीकडं जायचीच लाज वाटू लागली. पलीकडूनही हाक येईना. फोडणीचा वास तेवढा यायचा, अन् मग तिला फार एकटं वाटायचं.

शेवटी एका संध्याकाळी तिनं वाटीत पावडरच भरली अन् शकीलाचं दार वाजवलं.

"काऊन वो सिंधूबाई," शकीला उंबऱ्यातूनच म्हणाली, "आमच्या घरचं चालेना झालं काय तुमाले?"

"असं नोको बोलू माय. घरात देण्यासारखं शिजतच नाही काही. हेच खातो मी."

शकीलानं चिमूट तोंडात टाकली. "या अल्ला! हे गियता तरी कसं?"

"डोये मिटून, एकटीनंच. याले दुसरं माणूस लागत नाही ना."

शकीलाचा राग उतरला. तिनं दोन ग्लास आणले, पावडर कालवली, अन् दोघी ओट्यावर बसून तोंडं वाकडी करत प्याल्या. सिंधूताई कितीतरी दिवसांनी पोटभर हसली.

घरी आली तर फोन वाजत होता.

"पावडर घेतली का आई?"

"घेतली रे. आज दोघींनी घेतली."

दुसरी कोण, हे विचारेल म्हणून ती थांबली.

"शाब्बास!" म्हणून प्रेमानंदनं फोन ठेवला.