तिसऱ्या टेकडीचा दगड

टोलेफ बर्फात थुंकला.

"आता पोरी उडणार. बघ, बेडकासारखे पाय फाकवून येतील."

उताराच्या कडेच्या पायऱ्यांवर गावचे म्हातारे ओळीने उभे होते, प्रत्येकाच्या पुढ्यात मीटरची पाटी. वरून स्कीवर घसरत येऊन उडी मारणाऱ्याची पावलं जिथे टेकतील तिथे हात करायचा आणि आकडा ओरडायचा, ही स्टेनडालची जुनी रीत. टोलेफ एकाहत्तरवर, त्याच्या खाली अस्लाक बहात्तरवर. एकाहत्तर मीटरचा विक्रमही टोलेफचाच, तरुणपणचा. ती जागा त्याने आजवर कुणाला दिली नव्हती.

गावाची ही स्की-उड्यांसाठी बांधलेली तिसरी टेकडी. पहिली कोठाराच्या छपरावरून सुरू व्हायची. दुसरीचा लाकडी मनोरा वादळात गेला. दोन्हींच्या पायथ्याशी एकेक दगड आहे आणि त्यावर शेवटच्या विक्रमवीराचं नाव. ही टेकडी सोमवारी पाडणार होते. आजची स्पर्धा निभावली की तिसऱ्या दगडावर टोलेफ कायमचा.

"हेल्मेट काय, घट्ट झबली काय! आम्ही लोकरीच्या टोपीत उडलो."

"आणि दात पाडून घेतलेस," अस्लाक म्हणाला.

वरून सिग्ने सुटली, पाववाल्याची नात. ती हवेत राहिली, राहिली, आणि टोलेफची पाटी ओलांडून उतरली.

टोलेफने हात वर केला. "एकाहत्तर!"

"अरे, माझ्या अंगावर आली होती ती!" खालून अस्लाक ओरडला.

"चष्मा पूस आधी."

बरोबरी झाली तर दगडावर जुनंच नाव राहतं. तरी कालच्या पोरीला आपल्या पंगतीत बसवलं, हे काय थोडं झालं, असं टोलेफला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या उडीसाठी सिग्ने खांद्यावर स्की टाकून पायऱ्या चढत आली. टोलेफपाशी थांबून तिने बर्फातल्या आपल्या खुणा पाहिल्या, मग पाटी पाहिली.

"माझी बरोबरी केलीस की गं," टोलेफ म्हणाला. "खूश ना?"

"असू दे, आजोबा. मला अजून पुष्कळ टेकड्या आहेत. तुम्हाला ही एकच."

टोलेफचे कान पेटले. काहीतरी झणझणीत बोलायला त्याने तोंड उघडलं, पण ती वर निघूनही गेली होती.

अस्लाकने कॉफीचा थर्मास उचलला आणि आपली पाटी सोडून तो चार पायऱ्या खाली, शहात्तरपाशी, जाऊन उभा राहिला.