पुन्हा पहिल्यापासून

ठोंब्या हे नाव त्याला थोरल्या बहिणीने आठव्या वर्षी ठेवलं होतं. टीव्हीसमोर एकदा बसला की हलवता हलायचा नाही, म्हणून ठोंब्या. आता तो चव्वेचाळीस वर्षांचा होता, लिफ्टचा मेकॅनिक होता, डोक्यावरचे केस मागे सरकून कपाळ मोठं झालं होतं, पण ताईच्या तोंडी तेच नाव राहिलं होतं. बायकोही कधीमधी, खूश असली तर, त्याच नावाने हाक मारायची.

वर्षाची मोठी तपासणी उरकली की त्याला आठवडाभर रजा मिळे. पन्नासेक इमारतींच्या लिफ्टचे दोर, ब्रेक, दारं तपासून आणि तळाच्या खड्ड्यांत उतरून उतरून गुडघ्यांचा भुगा झालेला असे. रजेच्या पहिल्या दिवशी, दुपारचं जेवण झालं की तो माळ्यावरून एक खोकं खाली काढायचा. त्यात मामाने बोटीवरच्या नोकरीवरून येताना आणलेला, कोपरे झिजलेला गेमचा डबा होता आणि एकच गेम होता. गेमचं खरं नाव त्याला कधीच कळलं नव्हतं, कारण ते कुठल्या तरी परक्या लिपीत होतं. घरात त्याला ‘डोंगराचा गेम’ म्हणत. नव्या टीव्हीला तो जोडता येत नसे, म्हणून त्याने एक जाडजूड जुना टीव्हीही जपून ठेवला होता. तो मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली अर्धी जागा अडवून बसलेला असे.

गेम तसा साधा. एक ठेंगणा कंदीलवाला आणि एक उंच दोरवाली, दोघे मिळून डोंगर चढतात. कंदिलाने गुहा उजळायच्या, दोर टाकून कडे चढायचे, पवनचक्कीजवळचा पूल ओलांडायचा आणि शेवटी शिखरावरची घंटा वाजवायची. दोघांनी खेळायचा गेम. एकट्याने खेळलं तर दोरवाली आपोआप मागून चालत येई. ठोंब्या कित्येक वर्षं एकटाच खेळत होता. चार दुपारी लागत. घंटा वाजली की तो खोकं पुन्हा माळ्यावर चढवायचा आणि पुढचं वर्षभर शहाण्या माणसासारखा वागायचा.

यंदा पहिल्याच दुपारी बायको औषधांच्या दुकानातून लवकर घरी आली. ती तिथे औषधं देण्याचं काम करायची, आणि चिठ्ठीवरचं अगम्य अक्षर वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवऱ्याचा चेहरा वाचणं तर तिला फारच सोपं होतं.

“तोच ना? डोंगराचा?”

“तोच.”

“शेवटी घंटा वाजते.”

“हो.”

“गेल्या वर्षीही वाजली होती.”

“हो गं.”

“मग यंदा काय होणार आहे वेगळं?”

ठोंब्या हसला. पण ती हसली नाही. तिने टेबलावरचं जाड पुस्तक उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. सुपरवायझरच्या परीक्षेचं पुस्तक होतं. नवीन लिफ्टचे नवीन कंट्रोल पॅनल, त्यांचे नकाशे, त्यांचे बिघाड.

“अठरा दिवसांवर आलीय परीक्षा. तीन वर्षं पुढे ढकलतोयस. तुझ्यानंतर लागलेले दोघं सुपरवायझर झाले आणि तू अजून खड्ड्यात उतरतोयस. गुडघे मला दाखवतोस, मलम मला लावायला लावतोस.” ती खुर्ची ओढून बसली. “खेळू नकोस असं नाही म्हणत मी. नवीन काही खेळ, निदान डोकं तरी चालेल. हे म्हणजे वाचून झालेलं वर्तमानपत्र रोज उघडून बसण्यासारखं झालं. काय मिळतं तुला त्यात?”

बरं वाटतं, एवढंच ठोंब्याला ठाऊक होतं. पवनचक्कीचं संगीत सुरू झालं की त्याला ती जुनी बैठकीची खोली दिसे. खिडकीवर ओढलेला हिरवा पडदा, गार फरशी, शेजारी मांडी घालून बसलेली ताई आणि तिच्या वेणीला येणारा तेलाचा वास. त्या आठव्या वर्षीच्या लांबच लांब सुट्टीत दोघं रोज दुपारी खेळत. तितका सुखाचा काळ आपल्या आयुष्यात पुन्हा आला नाही, असं त्याला मनापासून वाटे. पण हे बायकोला सांगायचं कसं? तिच्याबरोबरची वीस वर्षं काय दुःखात गेली होती की काय?

“काही नाही मिळत,” तो म्हणाला आणि टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुस्तक घेऊन बसला खरा, पण ओळी डोळ्यांखालून नुसत्या सरकत होत्या. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. वर्षाला चार दुपारी, म्हणजे एवढ्या वर्षांत निव्वळ घंटा वाजवण्यात आपले पाच महिने तरी गेले. पाच महिन्यांत माणूस पोहायला शिकतो, एखादी भाषा शिकतो. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने ताईला फोन लावला.

ताई सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहायची. कोर्टात टायपिस्ट होती. दिवसभर लोकांच्या साक्षी टाइप करायची आणि घरी आली की गप्प असायची. भावाबहिणीचं बोलणं हल्ली कामापुरतंच होई.

“ताई, तो डोंगराचा गेम आठवतो? तुला हवाय का? नाहीतर देऊन टाकतो कुणाला तरी.”

ताईने उलट विचारलं, “कुणी काही बोललं का तुला?”

“छे. जागा अडते उगाच.”

“देऊ नकोस एवढ्यात. शनिवारी येते मी.”

शनिवारी ती खरंच आली. हातात एक लहानशी पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा, केस कापून आखूड केलेले. चहा झाल्यावर तिने पदर खोचला आणि म्हणाली, “लाव बघू तुझा डोंगर.” मागच्या खोलीत दोघं फरशीवर बसली. ताईला मांडी घालून बसता येईना, म्हणून तिने पाय पसरले आणि पाठीला उशी घेतली. कितीतरी वर्षांनी दुसरा कंट्रोलर खोक्यातून बाहेर आला.

ठोंब्याच्या अंगात उत्साह संचारला. “आता उडी मार. थांब, आधी मी गुहेत उजेड करतो. हां, आता दोर टाक. लवकर, लवकर!” ताईची दोरवाली कड्यावरून धपकन खाली पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. दोघं इतकी हसली की बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

पवनचक्कीजवळ पोचल्यावर तो पुलाकडे वळला, तर ताई भलतीकडेच चालायला लागली.

“अगं, तिकडे काही नाही!”

“कशावरून?”

“छत्तीस वर्षं खेळतोय मी.”

“आणि छत्तीस वर्षांत एकदाही मागे जाऊन पाहिलं नाहीस?”

नव्हतं पाहिलं. पूल समोर दिसत असताना मागे कशाला जायचं? ताई कोर्टातल्या माणसासारखी शांतपणे, प्रत्येक दगड तपासत चक्कीच्या मागे गेली. तिथे गवतात एक लाकडी बाक होता. दोरवाली त्यावर जाऊन बसली आणि हलेना. ठोंब्याने कंदीलवाल्याला तिच्याकडे नेलं, तर तोही आपोआप शेजारी बसला. त्याने कंदील खाली ठेवला. संगीत मंद झालं आणि पडद्यावर खालची सगळी दरी उघडली. चढून आलेली वाट, गुहा, लहानसा ओढा. दोघं नुसते बसून राहिले. एकट्याने खेळताना हे कधी दिसणं शक्यच नव्हतं.

“आयला,” ठोंब्या पुटपुटला. “ताई, तू इतकी वर्षं बरोबर असतीस तर... तुला किती आवडायचा गं हा गेम!”

ताईने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“मला कधीच आवडला नाही हा गेम,” ती म्हणाली.

तिची थट्टा चालली असेल असं वाटून त्याने वळून पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

“अगं, तूच तर म्हणायचीस! घंटा वाजली की लगेच तूच म्हणायचीस, चल, पुन्हा पहिल्यापासून.”

“म्हणायचे ना. कारण घंटा वाजली की तू उठून आत पाणी प्यायला जायचास.” ताई पडद्यावरच्या दरीकडे बघत बोलत होती. “आणि आत आई-बाबा असायचे. त्या सुट्टीत बाबा दुपारचे घरी यायचे, आठवतं? जेवायला म्हणून यायचे आणि भांडण व्हायचं. रोज. आई रडायची. मी चौदा वर्षांची होते, मला सगळं कळत होतं. तुला कळायला नको होतं. म्हणून मी आवाज मोठा करायचे आणि गेम संपला की पुन्हा पहिल्यापासून. बाबा गेल्याचा दरवाजा वाजला की मग मी तुला पाणी प्यायला सोडायचे.”

बाबा त्या वर्षाअखेरीस दुसऱ्या गावी राहायला गेले होते. बदली झाली, असं ठोंब्याला सांगितलं होतं. खरं काय ते त्याला मोठेपणी समजलं होतंच. पण त्या सुखाच्या दुपारी आणि ती भांडणं एकाच घरात, एकाच वेळी होती, हे त्याने कधी जोडून पाहिलं नव्हतं. आपण जपून ठेवलेली ती गार फरशी, तो हिरवा पडदा, ते सगळं कुणीतरी आपल्यासाठी उभं केलेलं होतं, आणि उभं करणारी पोर स्वतः मात्र आतल्या आवाजाकडे कान लावून बसलेली होती.

“मग तुझा वेळ फुकटच गेला की गं,” तो कसाबसा म्हणाला.

“वेडा आहेस का? त्या वर्षातला तेवढाच वेळ मला झेपला. तू कड्यावरून पडलास की असा काही ओरडायचास, की मला हसूच फुटायचं. आत काय चाललंय ते मीसुद्धा दोन मिनिटं विसरायचे.” तिने चष्मा पुसला. “आणि तू दरवर्षी हा काढून बसतोस ना, ते मला तुझ्या बायकोने मागेच सांगितलं होतं. मला तर बरंच वाटलं होतं. म्हटलं, याच्याकडे चांगलं तेवढंच पोचलं.”

बायको दारात उभी होती. हातात बिस्किटांची बशी, पण ती आत आली नाही. ठोंब्याने तिला पाहिलं. तिने बशी हळूच इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

ताई एका दिवसासाठी आली होती, ती चार दिवस राहिली. गेम तसाच अर्धवट राहिला. त्याऐवजी बोलणं झालं. बाबांविषयी, आईने नंतर शिवणाची मशीन कशी घेतली त्याविषयी, ताईने पुढे शिकायचं का सोडलं त्याविषयी. एवढ्या वर्षांत या गोष्टी ठोंब्याने विचारल्याच नव्हत्या. सकाळी ताई त्याची परीक्षाही घ्यायची. पुस्तक डोळ्यांजवळ धरून साक्षीदाराला विचारावं तसं विचारायची, “दार बंद होऊन पुन्हा उघडतंय. काय तपासाल? मोठ्याने सांगा, नोंद होतेय.” बायको हसून हसून बेजार व्हायची. संध्याकाळी तिघं बाजारात जाऊन ताईसाठी चपला घेऊन आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ठोंब्याच्या हातातला वस्तरा मध्येच थांबला. काहीतरी आठवलं होतं. एक आवाज. काचेचं भांडं फुटल्याचा, आणि त्यामागून आईचा, “पोरं ऐकतायत, हळू बोला.” त्या वेळी त्याचा कंदीलवाला नेमका पुलावर होता. त्याने शेजारी पाहिलं होतं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तिचा हात टीव्हीच्या बटणाकडे जात होता. तो आठ वर्षांचा होता. त्याने पटकन पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवलं होतं आणि मोठ्याने ओरडला होता, “ताई, दोर टाक ना, लवकर!” मग कंदीलवाल्याला मुद्दामच पुलावरून खाली पाडलं होतं, म्हणजे ती हसेल. ती हसली होती.

तोंडावरचा साबण वाळेपर्यंत तो आरशासमोर तसाच उभा राहिला.

निघायच्या दिवशी तो ताईला सोडायला बसच्या थांब्यावर गेला. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. बस सुटायला दोन-तीन मिनिटं असताना तिने काच सरकवली आणि खाली वाकली.

“ठोंब्या, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“तुला तेव्हा खरंच काही ऐकू नव्हतं ना आलं? मला कधी कधी वाटतं, आवाज कमी पडला असेल.”

ठोंब्याने तिच्याकडे पाहिलं. पन्नाशीतली त्याची बहीण खिडकीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उत्तराची वाट बघत होती.

“काहीच नाही, ताई,” तो म्हणाला. “मला तर फक्त ते पवनचक्कीचं गाणं आठवतं.”

ताईच्या हातांची पकड सैल झाली. “बरं झालं,” ती म्हणाली, आणि लगेच दटावणीच्या सुरात, “परीक्षेचं बघ आता. आणि गुडघ्याला पट्टा बांधत जा.” बस हलली. ती वळणापलीकडे जाईपर्यंत तो हात वर करून उभा होता.

त्या खेपेला तो लेखी परीक्षेत थोडक्यात नापास झाला. सहा महिन्यांनी पुन्हा बसला आणि पास झाला. पण त्या दिवशी, थांब्यावरून परतताना, त्याच्या मनात परीक्षा नव्हती. घरी बायको कामावर जायला निघाली होती. त्याने तिला दारातच थांबवलं.

“त्या दुपारी तू विचारलंस ना, काय मिळतं म्हणून? दहा मिनिटं आहेत का तुझ्याकडे?”

बायकोने घड्याळाकडे पाहिलं, पर्स खुर्चीवर ठेवली आणि बसली.

“सांग,” ती म्हणाली. “उशीर झाला तर होऊ दे.”