शेवटच्या बाकाची पसंती

"पडदे उघडेच राहू द्या," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

विक्रेत्याचा हात पडद्याच्या दोरीवरच थांबला. "मॅडम, जरा अंधार केला तर चित्र कसं खुलतं ते बघा तरी."

"खुलेल हो. पण अंधारात मुलं वहीत लिहिणार कशी?"

"आणि मागची मुलं अंधारात जे उद्योग करतील, ते निस्तरायला कुठलं मशीन आणलंय?" गणिताचे सर म्हणाले.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हसल्या. मग घड्याळाकडे पाहून पुन्हा गंभीर झाल्या. मधल्या सुट्टीच्या आत ठरवायचं होतं. विक्रेता ऑर्डर घेऊनच जाणार होता. प्रत्येक मजल्याला एक ओव्हरहेड प्रोजेक्टर, सगळे एकाच जातीचे, आणि एकदा घेतले की पुढची कित्येक वर्षं तेच.

रिकाम्या वर्गातल्या टेबलावर दोन नमुने होते. एक घडीचा, सुटकेससारखा मिटणारा. त्याचा दिवा वरच्या डोक्यात. दुसरा ट्रंकेएवढा जड. त्याचा दिवा पोटात, वर जाड काच. मोठ्या बाईंचं मन घडीच्या प्रोजेक्टरवर बसलं होतं. एका हातात उचलून या वर्गातून त्या वर्गात नेता आला असता. पण या शाळेची एक रीत होती. फळा असो, नकाशा असो, विज्ञानाच्या बाईंनी शेवटच्या बाकावर बसून 'चालेल' म्हटल्याशिवाय वस्तू वर्गात येत नसे. एकदा त्यांनी नवे फळे आल्या पावली परत पाठवले होते, कारण खिडकीच्या बाजूच्या मुलांना त्यांवर नुसती चकाकी दिसत होती.

"जा बाई, तुमच्या सिंहासनावर बसा," सर म्हणाले.

बाई बाकांच्या कडांना हात लावत मागे गेल्या. सवयीने लावल्यासारखा हात लावला. तसा तो कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हता.

त्यांच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका होता. कडेचं सगळं दिसे: खिडकी, दाराची चौकट, चालणारा माणूस. जिथे रोखून पाहावं, तेवढंच नाहीसं होई. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्र काढून समजावलं होतं, आणि बाईंनी ते चांगल्या विद्यार्थ्यासारखं समजून घेतलं होतं. चष्म्याने जाणारं नव्हतं. हे घरी धाकट्या बहिणीला तेवढं माहीत होतं.

"ताई, शाळेत कधी सांगणार आहेस?" कालच तिने विचारलं होतं. "कुणाच्या हातावर ॲसिड सांडल्यावर?"

"परीक्षा होऊ दे."

"परीक्षा काय, दरवर्षीच असते."

सांगितलं की प्रयोगशाळा जाणार. ती हातची गेल्यावर आपण शाळेत कशासाठी यायचं, हे बाईंना कळत नव्हतं. म्हणून काल त्यांनी कागदाला नाक लावून स्वतःच ट्रान्सपरन्सी लिहिली होती. पारदर्शक शीटवर काळ्या शाईने, मधोमध, वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांत प्रयोगशाळेचे नियम. ते त्यांनीच केलेले होते आणि झोपेतही म्हणता आले असते.

विक्रेत्याने घडीचं मशीन लावलं. भिंतीवर एक फिकट चौकोन उमटला, त्यात राखाडी पट्टे.

"वाचा बाई," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ॲसिड पाण्यात घालावं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आधी काडी पेटवावी, मग गॅस सोडावा. हुंगायचं असेल तर हाताने वारा घालून वास घ्यावा, नाक नेऊ नये. काचेचं भांडं गरम आहे की गार, ते नुसतं बघून कळत नाही." बाई किंचित थांबल्या, बारीक अक्षर वाचताना माणूस थांबतो तेवढ्याच. "चूक झाली तर आधी सांगावी, मग पुसावी."

"झालं तर मग," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. "सगळं लख्ख दिसतंय. हेच घेऊ या."

"तुमचे डोळे आहेत की दुर्बीण?" सर मधल्या रांगेतून म्हणाले. "मला इथून खालच्या दोन ओळी म्हणजे मुंग्यांची रांग दिसतेय."

"सर, चष्मा बदला," विक्रेता हसून म्हणाला.

बाईंना सरांची थट्टा ओळखता येई. सर खोटं बोलत नव्हते. म्हणजे मशीन मंद होतं, आणि आपण ते आत्ताच पास केलं होतं. या बाकावर बसणारी मुलं उद्यापासून मुंग्यांच्या रांगा वहीत उतरवणार.

"दुसरंही लावा," त्या म्हणाल्या.

"कशाला बाई? ते उचलायलाच दोघं लागतात."

"आणलंय तर लावू द्या."

विक्रेत्याने शीट काढली आणि घाईने जड मशीनच्या काचेवर ठेवली. पंखा घरघरला. भिंतीवरचा चौकोन मघापेक्षा कितीतरी पांढरा होता, एवढं बाईंना कळलं. पट्टे काळे होते. शिरोरेषा जागच्या जागी होत्या. त्यांनी वाचायला सुरुवात केली. काडी, गॅस, नाक, भांडं. वर्गात शांतता होती, आणि ती त्यांना लक्ष देऊन ऐकणाऱ्यांची वाटली.

"चूक झाली तर आधी सांगावी, मग पुसावी."

पंखा तेवढा घरघरत होता.

"मॅडम," विक्रेता चाचरत म्हणाला, "शीट... माझ्याकडून उलटी ठेवली गेलीय."

बाईंना भिंतीवर अजूनही तेच काळे पट्टे दिसत होते. पण शीट मागच्या बाजूने पाहिल्यावर ओळी आरशातल्यासारख्या कशा होतात, हे त्यांना ठाऊक होतं. भिंतीवर एकही अक्षर सरळ नव्हतं, आणि आपण ते घडाघडा वाचलं होतं.

सर त्यांच्याकडे वळून पाहत होते. थट्टा करायला एवढं सोपं निमित्त मिळूनही सर गप्प होते, आणि तेच बाईंना जड गेलं.

"अहो, त्यात काय," मोठ्या बाई भरभर म्हणाल्या. "बाईंना उलटं वाचायची सवय आहे. टेबलापलीकडून मुलांच्या वह्या वाचून वाचून येतंच ते. हो ना बाई? मग काय, घडीचं पक्कं करू?"

सुटकेचं दार उघडून धरलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मोठ्या बाईंनी ते कळून धरलं होतं की न कळता, हे चेहऱ्यावरून वाचावं तर त्यांच्या चेहऱ्याच्या जागीही ठिपकाच होता.

बाईंनी बाकावरून हात फिरवला. कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं एक नाव बोटांना लागलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला उलटं वाचता येत नाही. मला सरळही वाचता येत नाहीये. मघाशीसुद्धा पाठच म्हणत होते."

"बाई..."

"घडीचं पास केलं ते खोटं होतं. धरू नका ते."

त्या उठल्या आणि बाकांच्या कडा धरत पुढे आल्या. या वेळी त्या हात लपवत नव्हत्या. वाटेत सरांनी आपले पाय आत ओढून घेतले.

"सर, तुम्ही जा मागे. जे दिसेल तेच वाचा."

"सिंहासन देताय?" सरांनी म्हणून पाहिलं, पण आवाज नीट लागला नाही. ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

बाईंनी शीटच्या कोपऱ्यावर बोट घासलं. शाई चढवलेली बाजू बोटाला लागते. ती वर करून त्यांनी शीट नीट बसवली. जड मशीनवर सरांनी पाचही ओळी वाचल्या. घडीच्यावर तिसऱ्या ओळीत ते अडखळले, चौथीला थांबले. विक्रेत्याने शीट पुन्हा जड मशीनच्या काचेवर आणून ठेवली.

"कळलं," मोठ्या बाई म्हणाल्या. मग जड मशीनकडे बघून म्हणाल्या, "पण जड आहे हो ते."

"आहे. दोघांनी उचलायचं."

विक्रेत्याने खाली बघत ऑर्डर लिहून घेतली. मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाहेर व्हरांड्यात पळापळ सुरू झाली.

"प्रयोगशाळेचं... उद्या बसून बोलू या का आपण?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"उद्या सकाळी पहिल्याच तासाला प्रॅक्टिकल आहे."

बाईंनी पांढऱ्या कोटाच्या खिशातून प्रयोगशाळेची किल्ली काढली. द्यायला हात पुढे केला, पण समोर नेमकं कोण कुठे उभं आहे ते ठरेना, म्हणून ती समोरच्या उजेडात, काचेवर ठेवली. भिंतीवर, नियमांच्या ओळींवर, एक भलीमोठी काळी किल्ली आडवी पडली. बाईंनी नजर जराशी बाजूला वळवली. दांडा, कडी, दाते, सगळं दिसलं.

"छान उमटतंय," त्या म्हणाल्या.

विक्रेत्याने बटण दाबून दिवा विझवला. भिंत कोरी झाली. तो प्लग ओढायला वाकला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "दिवा गार होईपर्यंत पंखा चालू राहू द्या. नाहीतर जळतो तो."

ती घरघर हळूहळू मंद होत गेली. ती पुरती थांबेपर्यंत किल्ली कुणी उचलली नाही.