हरणाबाईच्या खाटेला लागलेला पडदा

शालूला त्या नोकरीतून काय काय मिळणार होतं, ते आधी मोजू. वसतिगृहात स्वतःची खाट, जिच्यावर धाकटी बहीण लाथा झाडणार नाही. कडेगावात ‘मानसिंग हवालदाराची थोरली’ म्हणायचे, त्याऐवजी ‘शिष्टर’ अशी हाक. आणि सगळ्यांत मोठी मिळकत म्हणजे लग्न दोन वर्षं लांबणीवर. बदल्यात सहा महिने चूक न करता काढायचे. मग नोकरी कायम.

हे मला कसं ठाऊक? मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला टांगतात तो नव्हे. इस्पितळात खाटेभोवती उभा करतात तो, तीन घड्यांचा, लोखंडी चौकटीचा, चाकांवर चालणारा. माझ्याआड आलेल्या माणसाला वाटतं, आता आपल्याला कुणी पाहत नाही. म्हणून माणसं मला जरा जास्तच कळतात.

माझा जन्म कराडचा. गुंडा नावाच्या कारागिराने साखर कारखान्यातल्या उरलेल्या नळ्या वाकवून मला घडवलं, वर हिरवं कापड चढवलं. एक चाक त्याने बारीक लावलं. त्यामुळे मी चाललो की कुरकुरतो. पहिली आठ वर्षं साताऱ्यात बाळंतिणींच्या खोलीत गेली. माझ्यामागून ट्यांहां ऐकू आलं की बाहेर पेढे वाटले जायचे. बाया मला हात लावून नमस्कार करायच्या. त्या दिवसांत मी थोडा फुगलोही होतो, खोटं कशाला बोलू?

बहात्तर साली माझी रवानगी सांगलीच्या एका इस्पितळात झाली, कॅन्सरच्या वॉर्डात. तिथे तो शब्द कुणी तोंडातून काढत नसे. गाठ म्हणायचे, जखम म्हणायचे. ‘बरं वाटेल हं लवकर’ असं सगळे सगळ्यांना सांगायचे. मला तिथे एकच काम होतं. कुणी शेवटच्या घटकेला आलं, की मला त्या खाटेभोवती लावायचे. बाकी दिवस मी कोपऱ्यात. वीस खाटांवरच्या बाया माझ्या चाकाची कुरकुर ओळखत. ती ऐकली की बोलणी थांबत आणि प्रत्येकजणी बघे, मी वळतो कुणाकडे.

चौऱ्याहत्तरच्या मार्चात शालू आली. वॉर्डच्या प्रमुख लीलाबाई सिस्टर. त्यांनी सामानाच्या यादीवर तिची सही घेतली. थर्मामीटर चार, ट्रे सहा, पडदा एक. पडदा कधी लावायचा, ते यादीत नव्हतं. लीलाबाईंना वाटलं, हे काय सांगायचं असतं? आणि शालूला विचारायची भीती, की एवढंही येत नाही म्हणतील.

तिसऱ्या दिवसापासून ती माझ्याआड येऊ लागली. औषध दिलं की नाही, हे बोटांवर तीनदा मोजायची, तरी परत जाऊन बाटली बघायची. तोंडात रुमाल कोंबून रडायची, मग डोळे पुसून हसऱ्या तोंडाने बाहेर. दुसऱ्या वॉर्डांतली माणसं बरी होऊन नारळ देऊन जात. इथली गेली, की शालूला वाटे, आपल्याच हातून काहीतरी राहिलं.

अकरा नंबरच्या खाटेवर जतकडची हरणाबाई होती. मेंढरांमागे आयुष्य काढलेली. छातीचं ऑपरेशन झालेलं, किरणांच्या यंत्राचे पंचवीस शेक द्यायचे होते, चौदा झाले होते. जखम भरत आली होती. पंचवीस पुरे झाले तर बाई परत मेंढरं राखील, असं डॉक्टर स्वतः म्हणाले होते, आणि ते उगीच म्हणणाऱ्यांतले नव्हते.

शालूचे हात कापताना पाहून हरणाबाई हसायची. “पोरी, पयल्यांदा लोकर कातरली तवा म्या मेंढराचा कानच कापला. तू तर अजून कायबी कापलं न्हाईस.”

“मावशी, हलू नका हो.”

“मी कुटं हलतीया? तूच हलतीयास, आन् पलंगबी हलीवतीयास.”

शालू येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि तेवढ्यात मी लागलो तो सगळा रात्री, तिच्या पाळीबाहेर. त्या आठवड्यात ड्रेसिंगच्या खोलीला चुना लावत होते. ड्रेसिंग खाटेवरच करायचं ठरलं, आणि तेही शालूने एकटीने, पहिल्यांदा. भेटीची वेळ झालेली, वॉर्डात परके पुरुष. हरणाबाईने पदर छातीशी घट्ट धरला. शालूने मला ओढत आणलं. बाईची लाज राखायला, हे खरं. पण आपले कापरे हात कुणाला दिसू नयेत, हेही तेवढंच खरं. माझ्या चाकाने कुरकुर केली आणि वॉर्ड गप्प झाला. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

हरणाबाईचं हसू गेलं. शेजारच्या खाटेवरची दगडाबाई पलीकडून हुंदका देऊन म्हणाली, “काल तर बरी जेवली की गं बया!”

“शिष्टर,” हरणाबाईने विचारलं, “खरं सांग. किती दिस?”

“मावशी, हे नुसतं ड्रेसिंगसाठी. तुमी बऱ्या होताय. लय बऱ्या,” शालू म्हणाली. घाबरली की तिची शाळेत शिकलेली भाषा सुटायची.

हरणाबाईने तिच्या गालावर हात ठेवला. “त्या कोपऱ्यातल्या म्हातारीलाबी आसंच सांगितलं हुतं.”

नवरा बिराप्पा चहा घेऊन आला, मला पाहिलं आणि पेला खाली ठेवला. त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

“आवं शिष्टर, आमाला सोडा. जिती हाय तवर न्हेतो. मेल्यालं मानूस यष्टीत घेत न्हाईत.”

शालू लीलाबाईंकडे धावली. लीलाबाई आल्या, मला बाजूला लोटलं, समजावलं, शेवटी दरडावलं. बिराप्पा हात जोडून उभा. “तुमी देवमानसं. पन तुमी कवा कुनाला वाईट सांगितलंया?”

लीलाबाईंनी डॉक्टरांना निरोप धाडला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. ते बाहेर यायच्या आत कागदावर अंगठा उठला आणि चारच्या जत गाडीत हरणाबाई बसली.

शालू दुसऱ्या दिवसापासून रोज विचारायची, जतहून कुणी आलं का. श्रावणात बिराप्पा आला, इस्पितळाची राहिलेली चादर परत द्यायला. म्हणाला, जखम परत उघडली. आषाढात गेली. आपल्या वाडीतल्या झाडाखाली गेली, एवढं समाधान. त्याने शालूचे आभारही मानले, तू वेळेवर कळवलंस म्हणून. ती माझ्याआड आली. त्या दिवशी रडली नाही. नुसती उभी राहिली, चौकट धरून.

मला मग कोठीत टाकलं. कापड कुजलं, नळ्या गंजल्या. तक्रार नाही. मित्रांनो, मागणं एकच आहे. नव्या माणसाच्या हाती वस्तू देताना ती कशासाठी, तेही सांगा. आणि कापऱ्या हातांच्या माणसाला विचारायला जागा द्या. आडोशापेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

आता कुणाचं काय गेलं ते बघा. कागदावर लिहिलं होतं, ‘रुग्ण स्वखुशीने गेला’, त्यामुळे लीलाबाईंना कुणी विचारलं नाही. अकरा नंबरची खाट संध्याकाळच्या आत भरली. शालूची नोकरी सप्टेंबरात कायम झाली. चूक तिघींची होती. एकीने सांगितलं नाही, एकीने विचारलं नाही, आणि एकीने खरं बोललेलं खरं मानलं नाही. भरपाई त्यातल्या तिसरीने केली, एकटीने, आणि तिची चूक सगळ्यांत लहान होती.