दुसरं रीळ

पुरुषांनी शनिवारी अख्खा सिनेमा पाहिला आणि रविवारी आम्हां बायकांना अर्धाच दाखवला! वर आमचे हे म्हणतात कसे, "तुमच्या भल्यासाठीच."

हे म्हणजे पुलगावातल्या आमच्या क्लबाचे सेक्रेटरी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा सिनेमा ठेवायचं ठरलं, आणि ह्यांनी नागपूरहून एक जुना अमेरिकन बोलपट मागवला. छोटासाच, दोन रिळांचा, नाचगाण्यांचा आणि हसवणारा. इंग्रजी आमच्यातल्या कुणाला येत होतं? पण गोष्ट कळायला ते लागतच नव्हतं. हॉटेलात बश्या विसळणारी एक पोरगी. तिला नाटक कंपनीत गायचंय आणि मालक तिला दारातूनच हाकलतो. ती मागच्या खिडकीतून आत शिरते, थेट रंगमंचावर येते, पडदा वर जायला लागतो... आणि क्लबातले दिवे लागले.

"संपला," हे म्हणाले.

"संपला कसा? ती गायली की नाही?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"पुढच्या रिळात तोकड्या झग्यात नाच आहे. बायकांनी पाहण्यासारखा नाही."

माझं डोकंच फिरलं. नाचणारी बाई, पाय बाईचे. ते पुरुषांनी टाळ्या पिटत पाहिले तर चालतात, आणि ज्यांना जन्मापासून तसेच दोन पाय आहेत त्यांनी पाहिले की त्या बिघडतात! आणि आज सकाळी न्हाणीघरात ते इंग्रजी गाणं गुणगुणत होतं कोण?

शेजारच्या शकुबाईंनी सतरंजीवर आणखी ऐसपैस मांडी घातली. "मी तं नाई उठत. त्या पोरीचं काय झालं ते पाह्यल्याबिगर घरी जात नाई. आपापला सयपाक करून घ्या म्हना!"

एकही बाई उठली नाही. शेवटी ह्यांनी चिडून मशीन चालवणाऱ्या लहानूला खूण केली.

दुसरं रीळ लागलं. पडदा वर गेला, पोरीनं तोंड उघडलं आणि सगळा अंधार. गाणं चालू, पायांचा ठेका चालू, चित्र गायब.

"मशीन बिघडली का रे, लहानू?" शकुबाई ओरडल्या.

"मशीन बराबर हाये, बाई. सेक्रेटरी सायबानं भिंगापुढं हात धरून ठेवला."

मी उठले. लग्न झाल्यापासून चारचौघांत मी ह्यांच्या शेजारी कधी उभीसुद्धा राहिले नव्हते. नाव घेतलं ते उखाण्यातच. तशीच मशीनपाशी गेले, ह्यांचा तो हात धरून खाली ओढला आणि माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसायला लागल्या.

"अगं, सोड! बायका बघताहेत!" हे कुजबुजले. घाम फुटला होता त्यांना.

"तुम्ही पडदा मोकळा ठेवला असता तर तिकडेच बघत बसल्या असत्या," मी म्हटलं.

ह्यांनी हात सोडवून पाहिला, पण जोरानं हिसकावण्याचीही सोय नव्हती. तिकडे पोरगी गायली, अगदी पोटभर गायली, नाचलीसुद्धा. रीळ संपेपर्यंत मी काही हात सोडला नाही.